मोबाइलवरचा तानपुरा, ऑनलाइन तालीम आणि ख्यालगायन: नेमके काय बदलत आहे?

प्रश्न: अनघा_न्यूजर्सी

नमस्कार. मी पुण्यातील एका गुरूंकडे व्हिडिओ कॉलवरून ख्यालगायन शिकते. घरी तानपुरा नसल्याने रियाज मोबाइलवरील तानपुऱ्याच्या ॲपवर चालतो, आणि ठेक्यासाठीही ॲपच वापरते. या साधनांशिवाय परदेशात राहून माझे शिक्षण सुरूच झाले नसते, त्यामुळे त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही काही गोष्टी मला उलगडत नाहीत.

माझ्या गुरू वारंवार सांगतात की, खरा तानपुरा घे आणि तो स्वतः जुळवायला शीक. ॲपमधला आवाज जर खऱ्या तानपुऱ्यावरूनच ध्वनिमुद्रित केलेला असेल, तर एवढा खर्च आणि खटाटोप करून वेगळे काय मिळणार आहे? दुसरे असे की, स्वर मोजणारे एक ॲप मी वापरून पाहिले, तर शुद्ध गांधार लावला की ते प्रत्येक वेळी मला तो उतरलेला दाखवते, आणि गुरू मात्र नेमक्या त्याच गांधाराला पसंतीची मान डोलावतात. तिसरी गोष्ट तालमीची. गुरू माझ्याबरोबर कधीच गात नाहीत. त्या गातात, थांबतात, मग मी गाते. त्यांचे समोर बसून शिकणारे विद्यार्थी मात्र त्यांच्या आवाजात आवाज मिसळून गातात, असे मी ऐकले आहे. हा फरक केवळ सोयीचा आहे की त्यामुळे गाण्यातही फरक पडतो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: ध्वनिवेडा

अनघाताई, गांधारापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आपली नाही, मापपट्टीची आहे. स्वर दाखवणारी बहुतेक ॲप्स पाश्चात्त्य समविभागी सप्तकावर आधारलेली असतात. त्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटांचा मानला जातो आणि शुद्ध गांधार षड्जापासून बरोबर ४०० सेंटांवर बसवला जातो. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, आपोआप उमटणारा, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो तो, ५:४ या प्रमाणाचा असल्यामुळे ३८६ सेंटांवर असतो. म्हणजे जो विद्यार्थी तानपुऱ्याशी तंतोतंत जुळवून गांधार लावेल, त्याला हे ॲप १४ सेंट कमी दाखवणार, आणि ॲपचा काटा मधोमध आणण्यासाठी जो स्वर चढवेल तो तानपुऱ्याशी भांडणार. पंचमाच्या बाबतीत हा फरक जेमतेम २ सेंटांचा असल्याने तो कानाला जाणवत नाही. गांधार, धैवत आणि निषाद मात्र या पट्टीवर मोजूच नयेत.

हे भांडण कानांनी ऐकता येते. काळी एकच्या पट्टीत (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरली असता) खर्जाची कंपने सेकंदाला सुमारे ६९.३ असतात. त्याचा पाचवा उपस्वर (त्याच तारेतून उमटणारा, पाचपट कंपनांचा वरचा स्वर) ३४६.५ वर येतो, तर हार्मोनियमचा तोच गांधार ३४९.२ च्या आसपास असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पावणेतीन वेळा आवाज कमीजास्त होताना ऐकू येतो. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होते. बंदीचा तो मार्ग मला पटत नाही, पण कानाची ती तक्रार खरी होती. आज तीच समविभागी पट्टी एखाद्या ॲपच्या हिरव्या-लाल दिव्यांतून घरोघरी पोहोचली आहे आणि तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढत नाही, याचे मला नवल वाटते.

आता तानपुऱ्याकडे येऊ. या वाद्याचे रहस्य घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या) किंचित बाकदार पृष्ठभागात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या जवारीच्या, म्हणजे नाद खुलवणाऱ्या, दोऱ्यात आहे. तार कंप पावताना घोडीच्या वक्रतेला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, आणि त्यामुळे तिच्यातील ऊर्जा सतत वरच्या उपस्वरांकडे वळत राहते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती: तार ज्या ठिकाणी छेडली असता एखादा उपस्वर मुळीच उमटू नये असे जुने शास्त्र सांगते, तिथे छेडूनही तानपुऱ्यात तो उपस्वर स्पष्ट ऐकू येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरूचे बासरीवादक आणि अभियंते जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तेव्हा ही गुंतागुंत परिपथांमधून निर्माण करावी लागत होती. आजची चांगली ॲप्स खऱ्या तारांची मुद्रणेच वाजवतात, म्हणून ती कितीतरी सरस वाटतात. पण त्यांच्याही दोन मर्यादा आहेत. एकाच पट्टीतले मुद्रण संगणकाने वर-खाली सरकवून दुसरी पट्टी बनवली असेल, तर भोपळ्याचा नादही त्याच्याबरोबर सरकतो, आणि काळी एकचा पुरुषी तानपुरा काळी पाचला नेला की तो पत्र्यासारखा वाजू लागतो. दुसरी मर्यादा मोबाइलच्या स्पीकरची. त्या एवढ्याशा पडद्यातून ७० किंवा ११५ कंपनांचा खर्ज जवळजवळ निघतच नाही. आपला मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर असल्याचा अंदाज बांधत असतो. निदान एखादा बऱ्यापैकी स्पीकर जोडा, खूप फरक पडेल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूजर्सीतील नेवार्क हे अंतर सरळ मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटर भरते. म्हणजे केवळ जाण्यास ६० हून अधिक मिलिसेकंद आणि जाऊन येण्यास सव्वाशे. वास्तवातला मार्ग वळणावळणाचा असतो, त्यात आवाजाची बांधणी आणि उकल यांचा वेळ मिळवावा लागतो. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांमध्ये पंचवीस-तीस मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाला की लय ओढली जाऊ लागते, असा अनुभव आहे. एकाच शहरात राहणाऱ्यांसाठी कमी विलंबाची सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत आणि ती उत्तम चालतात. पण पुणे आणि न्यूजर्सी यांच्यामधले अंतर कोणत्याही नव्या आवृत्तीने कमी होणार नाही.

उत्तर: गायनवर्ग_कोल्हापूर

ध्वनिवेडा यांनी शास्त्राची बाजू इतकी नीट मांडली आहे की मी केवळ शिकवणाऱ्याच्या अनुभवातून चार शब्द जोडते. टाळेबंदीच्या काळात माझा सगळा वर्ग एकाएकी पडद्यावर गेला आणि त्यातले काही विद्यार्थी अजूनही तिथेच आहेत.

सुरुवातीला मला सर्वांत जास्त छळले ते तानपुरा गायब होण्याने. विद्यार्थ्याच्या खोलीत तानपुरा सुरू आहे असे तो शपथेवर सांगतो आणि मला त्याचा मागमूसही ऐकू येत नाही. कारण पुढे कळले. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरे बोलण्यासाठी बनवलेली असतात. जो आवाज न बदलता अखंड चालू राहतो त्याला ती पंख्याची घरघर समजून पुसून टाकतात. म्हणजे ज्या अखंडतेवर आपले सगळे संगीत उभे आहे, तिलाच ही यंत्रणा कचरा मानते. त्याचबरोबर ती हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करून पाठवते. त्यामुळे विद्यार्थ्याने आवाज कुठे राखला, कुठे सोडला, दाणेदार तान घेताना छातीचा आवाज किती वापरला, हे माझ्यापर्यंत येतच नाही. प्रतिध्वनी रोखण्यासाठी दोन्हीकडून एकदम आवाज आला तर ती एकाचा गळा दाबते. अनघाताई, तुमच्या गुरू तुमच्याबरोबर गात नाहीत त्यामागे विलंबाबरोबर हेही कारण असणार. आवाजाच्या सेटिंगमध्ये संगीतासाठीचा पर्याय शोधा, गोंगाट कमी करणारी सुविधा बंद करा आणि कानाला हेडफोन लावा. एवढे केले की बराचसा तानपुरा परत येतो.

मात्र बरोबरीने गाण्याची जागा कशानेच भरून निघत नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आलापात गुरूच्या आवाजामागून, त्याला चिकटून जाताना शिष्याला केवळ स्वर मिळत नाहीत. श्वास कुठे घ्यायचा, षड्जावर येण्याआधी निषादावर किती रेंगाळायचे, मुखड्याला (बंदिशीच्या समेवर आणणाऱ्या तुकड्याला) हात घालण्याची घाई कधी करायची आणि कधी नाही, हे शब्दांत न सांगता गळ्यात उतरते. पडद्यावर ही तालीम "मी म्हणते, मग तू म्हण" अशी तुकड्या-तुकड्यांची होते. त्याचा एक परिणाम मला माझ्या ऑनलाइन विद्यार्थ्यांमध्ये दिसतो: त्यांचा प्रत्येक आलाप सुटा आणि नीटस असतो, पण एका आलापातून दुसरा निघत नाही. यावर माझा उपाय असा की, त्यांना मी वीस मिनिटांची सलग बढत (रागाचा क्रमाने विस्तार) गाऊन मुद्रित करून पाठवते आणि त्यांनी त्या मुद्रणाबरोबर, माझ्या आवाजाच्या मागे राहून गावे असे सांगते. मला त्यांचे गाणे तेव्हा ऐकू येत नाही, पण त्यांच्या गळ्याला तो प्रवाह निदान मिळतो.

खऱ्या तानपुऱ्याविषयी तुमच्या गुरूंशी मी सहमत आहे, पण माझे कारण आवाजाच्या दर्जाचे नाही. ॲपमध्ये पट्टी निवडली की सगळे जुळलेलेच मिळते. तानपुरा जुळवताना मात्र विद्यार्थ्याला आधी दोन जोडाच्या (एकाच षड्जात मिळवायच्या मधल्या) तारांमधली हेलकावणारी लहर ऐकावी लागते, ती मंद होत होत नाहीशी होईपर्यंत तारेवरचा सूक्ष्म जुळणीचा मणी सरकवावा लागतो, आणि मग जवारीचा दोरा केसाएवढा हलवून नाद खुलवावा लागतो. गळा उघडण्यापूर्वीच कानाचा अर्धा रियाज होऊन जातो. माझ्या वर्गात जे विद्यार्थी स्वतः जुळवतात, त्यांना बेसूर झाल्याचे मी सांगण्याची वेळ क्वचित येते.

उत्तर: ठेकेदार

मी तबल्याची साथ करतो, म्हणून नाव असे घेतले आहे. कोणी गैरसमज करून घेऊ नये.

वरच्या दोन्ही उत्तरांमध्ये एक बाजू थोडी झाकली गेली असे मला वाटते. ॲपपूर्वीच्या काळात रोज ठेक्याबरोबर रियाज करणे कितीजणांना परवडत होते? तबलजी घरी बोलावणे म्हणजे त्याची बिदागी, त्याची वेळ आणि दोन खोल्यांच्या घरात त्याला बसवायला जागा. अनेक मुली, विशेषतः लग्नानंतर, केवळ साथ मिळत नाही म्हणून गाणे सोडून देत असत. आज स्वयंपाक उरकल्यावर रात्री साडेदहाला एखादी गृहिणी हेडफोन लावून विलंबित एकतालात बंदिश भरू शकते, हे लहानसहान काम नाही. ज्यांना वाड्यात, गुरूच्या घरी, आयत्या तानपुऱ्यावर शिकायला मिळाले त्यांना हे मोल चटकन जाणवत नाही.

आता माझी तक्रार. ॲपचा ठेका एकाच लयीत, एकाच वजनात, एकाच आवाजात चालतो. त्यावर तयार झालेले गायक मैफलीत माझ्यासमोर बसले की दोन गोष्टी घडतात. विलंबितात मी ठेका किंचित भरून, बोलांमध्ये जागा सोडून वाजवला की ते मात्रा मोजू लागतात आणि त्यांचे लक्ष रागावरून उडते. आणि द्रुतात लय वाढवायची ती त्यांनी हाताने किंवा मुखडा उचलण्याच्या पद्धतीने सुचवायची असते, हेच त्यांना ठाऊक नसते, कारण घरी ते बटण दाबून वाढवतात. उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित (फार संथ लयीतल्या) झुमरा तालाचे ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकावे. चौदा मात्रांचे ते आवर्तन कोणत्याही मोजणीयंत्राला सरळ वाटणार नाही. गायक आणि तबलावादक यांनी ते दोघांनी मिळून तोलून धरलेले असते. म्हणून माझा सल्ला असा: ॲपवर बंदिश पक्की करावी, पण महिन्यातून काही वेळा तरी हाडामांसाच्या तबलजीबरोबर गावे. न्यूजर्सीत तबला वाजवणाऱ्यांची वाण नाही.

उत्तर: तबकडी

या चर्चेत ध्वनिमुद्रणाचा मुद्दा राहून गेला आहे. गोहरजान यांनी १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोनसाठी गाणे मुद्रित केले तेव्हापासून तंत्रज्ञान आपल्या गाण्याला आकार देत आले आहे. तासभर चालणारा ख्याल तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवताना गायकांनी काय ठेवले आणि काय गाळले, यावर एका पिढीची अभिरुची घडली. लहानग्या भीमसेन जोशींच्या मनात गाण्याची ओढ उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकडीने निर्माण केली, आणि कुमार गंधर्व बालवयात मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत असत. त्यामुळे "आजची मुले यूट्यूबवरून नक्कल करतात" अशी हाकाटी ऐकली की मला हसू येते. फरक नकलेत नाही. कुमारजींना नंतर प्रा. बी. आर. देवधर भेटले, ज्यांनी त्यांना नकलेतून बाहेर काढले.

खरा बदल मला दुर्मीळतेच्या बाबतीत दिसतो. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही, आणि त्या घराण्याचे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग तालमीखेरीज कानावर पडणे अवघड होते. आज त्याच परंपरेतल्या पुढच्या पिढ्यांच्या खासगी मैफली कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. रागाचे ज्ञान मोकळे झाले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पाच गायकांचे पाच तुकडे ऐकून राग "समजला" असे मानणारा श्रोताही त्याबरोबर तयार झाला. बिहागडा किंवा खोकर यांसारखा अनवट राग ऐकणे आणि तो गळ्यावर चढेपर्यंत एखाद्याने त्याची तालीम घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुन्या मुद्रणांवरून शिकणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना देतो. सुरुवातीच्या तबकड्या सर्वच्या सर्व मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. मूळ मुद्रण एका वेगाने आणि डिजिटल प्रत काढताना वाजवले दुसऱ्याच वेगाने, असे सर्रास झाले आहे. ७८ ऐवजी ८२ फेऱ्या झाल्या तरी पट्टी जवळपास अर्ध्या स्वराने चढते आणि ताना प्रत्यक्षापेक्षा जलद भासतात. एखाद्या दिवंगत गायकाची पट्टी आंतरजालावरील प्रतीवरून ठामपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि ध्वनिवेडा यांच्या मुद्द्याला पूरक असे एक: स्वर मोजण्याचे यंत्र मुळात वाईट नाही. मुंबईतील एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठ यांच्या सहकार्याने सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी केलेल्या कामात गाणे सुरू असताना त्याचा आलेख पडद्यावर सरकत जातो. दरबारी रागातल्या कोमल गांधाराचे आंदोलन, म्हणजे संथ झुलणे, तिथे पाहिले की त्या स्वराला एक आकडा चिकटवणे किती निरर्थक आहे हे क्षणात कळते. बावीस श्रुतींच्या (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या) नेमक्या जागांवरून आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास त्या गणिताने मांडल्या. गायक मात्र त्या खुंट्यांना बांधलेले राहत नाहीत, असेच आलेख दाखवतात.

ध्वनिवेडा

तबकडी, आलेखाबद्दल पूर्ण सहमत. माझ्या बोलण्याचा रोख दिवा लावून "बरोबर-चूक" सांगणाऱ्या ॲपवर होता. आलेख निवाडा देत नाही, म्हणून तो शिकणाऱ्याला उपयोगी पडतो.

अनघा_न्यूजर्सी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. संगीतासाठीचे सेटिंग आजच सुरू केले, आणि गुरूंना प्रथमच माझा तानपुरा नीट ऐकू आला. मिरजेहून तानपुरा मागवण्याचा विचार पक्का होत आहे. दोन शंका आहेत: इथल्या हिवाळ्यात घरातील हवा फार कोरडी होते, त्याचा वाद्याला त्रास होईल का? आणि तानपुरा आल्यावर ॲप पूर्ण बंद करावे का?

गायनवर्ग_कोल्हापूर

अनघाताई, आधी दुसऱ्या शंकेचे उत्तर देते: ॲप बंद करू नका. तानपुरा जुळवण्यासाठी षड्जाचा आधार ॲपवरून घ्या, म्हणजे तुमची आणि गुरूंची पट्टी एकच राहील. फक्त पंचम आणि जोडाच्या तारा कानाने मिळवा. जुळवून झाले की ॲप थांबवून गा. प्रवासात आणि घाईच्या दिवशी ॲपवर गायला काहीच हरकत नाही.

वाद्याबद्दल सांगायचे तर मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे घेताना ते खरोखर मिरजेतील कारागिराचेच आहे याची खात्री करून घ्या. पट्टी आधीच सांगा, कारण दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी पट्टीनुसार ठरते. भोपळा म्हणजे वाळवलेले फळच, आणि तबली (भोपळ्यावरचे झाकण) व दांडी लाकडाची. कोरड्या हवेत दोन्ही आकसतात आणि सांध्यावर चीर जाते. हीटरच्या झोताजवळ वाद्य ठेवू नका, खोलीत आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा आणि विमानाने आणताना तारा सैल करून, घोडीखाली मऊ कापड घालून आणा. पोहोचल्यावर लगेच पूर्ण ताण देऊ नका. दोन-तीन दिवस खालच्या पट्टीत राहू द्या. जवारी घासण्याची वेळ काही वर्षांनी येईल, तेव्हा ते काम स्वतः करण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे कोणी जाणकार नसेल, तर पुढच्या वेळी भारतात येताना नुसती घोडी काढून घेऊन या. मात्र काढण्यापूर्वी तबलीवर तिची जागा पेन्सिलने आखून ठेवा.